यझ्द : खालून वर वाचायचे शहर

यझ्दला वर्षाकाठी सरासरी 60 मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दुपारी याहून जास्त पडून जातो. एकीकडे दश्त-ए-कवीरचे खारे वाळवंट, दुसरीकडे दश्त-ए-लूत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंची, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आणि हिवाळ्यात पाणी गोठवणाऱ्या रात्री. शहराला नदी नाही. तरीही मध्य इराणातल्या या गावात हजार वर्षांहून अधिक काळ वस्ती आहे, आणि ती चांगली नांदती वस्ती आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो इथून गेला, तेव्हा त्याने शहराच्या देखणेपणाची आणि इथे विणल्या जाणाऱ्या रेशमी कापडाची आवर्जून नोंद केली.

मग पाणी कुठून आले? नैऋत्येला शीरकूह नावाचा पर्वत आहे, 4000 मीटरहून उंच. हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ साठते, वितळते आणि पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरते. ते मुरलेले पाणी उन्हाला न दाखवता, जमिनीखालूनच शहरापर्यंत आणणे हे इथल्या माणसांचे पहिले बांधकाम. त्याला कनात म्हणतात. मशिदी, घुमट, वाडे, बागा, बाजार ही सगळी त्यानंतरची गोष्ट. या पुस्तकाच्या वाचकाने यझ्दकडे याच क्रमाने पाहावे, जमिनीखालून सुरुवात करून वर यावे, असा माझा आग्रह आहे. ही प्रस्तावना लांबली आहे तीही त्या आग्रहापोटीच.

इराणी वास्तुकला म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इस्फहान उभे राहते, आणि ते रास्तच आहे. पण इस्फहानचे ते विस्तीर्ण मैदान आणि त्याच्या कडेच्या मशिदी-महाल यांमागे शाह अब्बासची इच्छा आणि साम्राज्याचा खजिना होता. यझ्द कुठल्याही मोठ्या साम्राज्याची राजधानी झाले नाही. इथे बांधले ते सुभेदारांनी, सय्यदांनी, व्यापाऱ्यांनी, त्यांच्या घरच्या बायकांनी आणि ज्यांची नावे कुठेच उरली नाहीत अशा विहीर खोदणाऱ्यांनी. त्यामुळे एकेका सुट्या इमारतीचे कौतुक करून इथे भागत नाही. इमारतीचा अर्थ शेजारच्या गल्लीत सापडतो आणि गल्लीचा अर्थ तिच्याखालून वाहणाऱ्या पाटात.

कनात खोदणाऱ्याला मुकन्नी म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत तो एक खोल विहीर घेतो. ही आईविहीर. मग जिथे पाणी उघड्यावर यायला हवे त्या सखल टोकाकडून तो विहिरीच्या दिशेने बोगदा खोदत निघतो. बोगद्याचा उतार अगदी किंचित ठेवावा लागतो. जास्त झाला तर पाणी तळ कापत नेते आणि छत ढासळते. कमी पडला तर गाळ साचतो. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर उभी विवरे पाडलेली असतात. त्यांतून माती वर जाते, हवा खाली येते आणि पुढे दुरुस्तीलाही तिथूनच उतरतात. वर आलेली माती विवराच्या तोंडाभोवती गोल रचून ठेवतात, म्हणजे अवचित आलेल्या पावसाचा लोंढा आत शिरत नाही. विमानातून पाहिले तर वाळवंटात या मातीच्या कड्यांच्या सरळ रांगा दिसतात. बोगद्यातला दिवा मुकन्नीला उजेड तर देईच, शिवाय ज्योत मंदावली की श्वासापुरती हवा उरली नाही हेही सांगे. मुकन्नी पांढरे कपडे घालून खाली उतरत. अंधारात माणूस दिसावा हा एक हेतू. आणि बोगदा कोसळून तो आतच राहिला तर तेच त्याचे कफन, ही दुसरी समजूत. युनेस्कोने 2016 साली इराणमधल्या अकरा कनाती जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्यांतली झार्चची कनात 70 किलोमीटरहून लांब आहे आणि ती यझ्दच्या जुन्या गावठाणाखालून जाते.

हे तंत्र मराठी मुलखाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी बांधली ती याच कुळातली. जमिनीखालचा पाट, नुसत्या उताराने वाहणारे पाणी आणि वाटेत वर उघडणारी विवरे तिथेही आहेत. ती नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना यझ्दचा कारभार समजायला फार वेळ लागणार नाही.

झार्चचे पाणी जामा मशिदीखालून वाहते. या मशिदीचे छायाचित्र बहुतेक जण समोरून, मान वर करून घेतात. तिचे प्रवेशद्वार इराणमधल्या सर्वांत उंच द्वारांपैकी एक आहे आणि त्यावरचे जोडमनोरे 50 मीटरच्या आसपास जातात, तेव्हा मान वर होणारच. पण याच मशिदीच्या आवारातून पायऱ्या खाली कनातीपर्यंत उतरतात. वजूचे पाणी तिथे मिळे, आणि उन्हाळ्यात गारवाही. आजची मशीद मुख्यतः चौदाव्या शतकातली आहे. पंधराव्यात, तैमुरी काळात, तिची सजावट वाढत गेली. मेहराबापाशी जाऊन टाइलकाम अगदी जवळून पाहावे. लांबून वेलबुट्टीचा एकसंध पडदा वाटतो तो प्रत्यक्षात छोट्या छोट्या तुकड्यांचा असतो. फिरोजी, गडद निळा, पांढरा, काळा असा एकेका रंगाचा फरशीचा तुकडा वेगळा भाजलेला, कारण प्रत्येक रंगाची झिलई वेगळ्या आचेवर उत्तम उतरते. मग ती फरशी छिन्नीने कापायची, कडा घासायच्या, तुकडे पालथे मांडून नक्षी जुळवायची आणि पाठीमागून गच ओतून तो सगळा पट्टा भिंतीवर चढवायचा. बोटभर रुंदीचे पान, त्याच्या आत नखाएवढे फूल, आणि दोहोंमध्ये जेमतेम केस जाईल एवढी फट. या कामाला मोअर्रक म्हणतात. यझ्दमधला सर्वांत सुंदर हात मला याच कामात दिसतो.

मशिदीच्या परिसरातल्या इतर जुन्या वास्तूंची नुसती ओळख करून देतो, कारण त्यांवर पुढे स्वतंत्र लेखन आहे. बारा इमामांच्या नावाची घुमटी 1037 सालची. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायला कोपऱ्यात जी कमान लागते तिचा तीन पाकळ्यांचा प्रकार इथे इतका पक्का उतरला आहे, की घुमटांचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही या छोट्या वास्तूपाशी थांबावेच लागते. तिच्या शेजारची ‘सिकंदराचा तुरुंग’ नावाची इमारत म्हणजे खरे तर एक मदरसा. सिकंदराची कथा तिला मागाहून चिकटली. सय्यद रुक्नुद्दीन यांच्या निळ्या घुमटाची कबर चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातली. त्यांनी एक वेधशाळा आणि घड्याळही उभारले होते. वास्तू गेली, पण त्या मोहल्ल्याला आजही ‘वक्त-ओ-साअत’ म्हणतात.

शहराचे चित्र म्हणून जगभर जे छापले जाते ते अमीर चखमाक चौकाचे. कमानींच्या तीन मजली दर्शनी भागामागे खोल इमारत असेल असे वाटते, पण तो जवळजवळ नुसता दर्शनी भागच आहे, आणि तोही एकोणिसाव्या शतकातला. मुहर्रमचे मातम पाहायला लोकांनी त्याच्या कमानींत बसावे म्हणून तो बांधला. मूळ काम पंधराव्या शतकातले. तैमूरचा मुलगा शाहरुख याचा सुभेदार जलालुद्दीन अमीर चखमाक आणि त्याची पत्नी सित्ती फातिमा यांनी इथे मशीद, सराई, हमामखाना, खानकाह म्हणजे सूफींचा मठ आणि पाण्याची सोय असा सगळा समूह उभा केला. मशीद 1437 ची. हा समूह वक्फ होता, म्हणजे त्याच्या खर्चासाठी जमिनी आणि उत्पन्ने कायमची लावून दिलेली होती. चौकात एक प्रचंड लाकडी नख्ल उभे असते, पानाच्या आकाराचे, दोन माणसांच्या उंचीहून कितीतरी मोठे. ते इमाम हुसेन यांच्या जनाज्याचे प्रतीक. आशुराच्या दिवशी असे नख्ल काळ्या कापडांनी मढवून शेकडो माणसे खांद्यावर उचलत. चौकातले नख्ल आता जागचे हलवत नाहीत, पण आसपासच्या गावांतून ही रीत चालू आहे.

आता पुन्हा पाण्याकडे. कनात खोदायला अनेकांचा पैसा लागे, म्हणून पाण्यात अनेकांचे वाटे असत. वाटा म्हणजे वेळ: अमुक इतक्या दिवसांनी, अमुक इतका वेळ पाणी तुमच्या बागेकडे. वाटा वारशाने मिळे, विकता येई, लग्नात देता येई, मशिदीला लावता येई. तो मोजायला तांब्याची एक वाटी होती. तिच्या तळाला बारीक भोक. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ती सोडायची. हळूहळू भरत बुडाली की एक माप झाले. मोजणारा ती बाहेर काढी, रिकामी करी, पुन्हा सोडी आणि मापांची गणती ठेवी. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात सोडायचे ते घटिकापात्र अगदी असेच. तिथे मात्र त्या वाटीवर संबंध शहराचे हिशेब चालत. ती वाटी, मुकन्नीची अवजारे आणि वाट्यांच्या जुन्या वह्या यझ्दच्या पाणी संग्रहालयात पाहायला मिळतात. 2000 साली सुरू झालेले हे संग्रहालय एका व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात आहे, आणि त्या वाड्याखालूनही कनाती गेलेल्या आहेत.

यझ्दचे घर बाहेरून काहीच सांगत नाही. दोन्ही बाजूंना मातकट उंच भिंती, मधूनमधून कमानींनी झाकलेली बोळे, आणि एखादे जाड लाकडी दार. दारावर दोन कड्या. एक लांबट, जड, तिचा आवाज घोगरा. दुसरी गोल, हलकी, तिचा आवाज नाजूक. पुरुष पाहुणा पहिली वाजवी, बाई दुसरी, म्हणजे दार कुणी उघडायचे ते आतल्यांना कळे. आत गेल्यावर अष्टकोनी देवडी, तिथून वळण घेऊन बोळकंडी, आणि मग एकदम उजेडात अंगण, हौद, डाळिंबाची झाडे. उत्तरेकडे तोंड असलेली सावलीची बाजू उन्हाळ्याची, दक्षिणेकडे तोंड असलेली ऊनवाली हिवाळ्याची. कुटुंब ऋतूप्रमाणे एका बाजूकडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवी. कित्येक घरांत अंगणाच्या मध्यभागी आणखी एक मजला खाली खणलेला बगीचा असतो, कारण कनातीचे पाणी जमिनीपेक्षा बरेच खालून वाहते आणि झाडांना त्याच्याजवळ नेणे सोपे पडते. खणलेली माती वाया जात नसे. तिच्याच विटा पाडून, उन्हात वाळवून भिंती उभ्या राहत. आधी खड्डा, मग त्याच मातीचे घर.

छपरांवर आले की बादगीर दिसतात. यझ्दचे हे वाऱ्याचे मनोरे छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांची खुबी आत आहे. मनोऱ्याचे पोट पोकळ नसते. आत कच्च्या विटांच्या पातळ उभ्या भिंती असतात, त्या मनोऱ्याचे कप्पे पाडतात. वाऱ्याकडे तोंड असलेल्या कप्प्यांतून हवा खाली खोलीत येते, पाठीकडच्या कप्प्यांतून आतली तापलेली हवा वर ओढली जाते. वारा पडला तरी काम पुरते थांबत नाही, कारण उन्हाने तापलेल्या बाजूची हवा हलकी होऊन चढते आणि खालची हवा हलवते. खाली हौद असला किंवा तळघरातून कनातीचा गारवा येत असला, की त्या झुळकेचे समाधान दुप्पट. मनोऱ्यातून बाहेर डोकावणारी लाकडी टोके विटकामाला बांधून ठेवतात आणि दुरुस्तीला चढणाऱ्या गवंड्याला पाय ठेवायला उपयोगी पडतात. जवळच्या मेबोदला बरेचसे बादगीर एकाच दिशेला उघडतात, जिकडून सुसह्य वारा येतो तिकडे. धूळ आणणाऱ्या दिशांना त्यांची पाठ असते. यझ्दला चारी बाजूंनी उघडे बादगीर जास्त.

सर्वांत उंच बादगीर दौलताबाद बागेतला, आठ कोनांचा, सुमारे 33 मीटरचा. अठराव्या शतकाच्या मध्यास यझ्दचा सुभेदार मोहम्मद तकी खान याने ही बाग वसवली आणि तिच्यासाठी मेहरीझच्या बाजूने कनातीचे पाणी आणले. आधी पाणी, मग बाग, मग वारा, हा क्रम इथेही आहे. मनोरा विसाव्या शतकात पुन्हा उभारावा लागला. ही बाग 2011 पासून ‘पर्शियन बागा’ या वारसायादीत आहे.

या मनोऱ्यांची अभियांत्रिकी वाखाणून थांबणारी पुस्तके पुष्कळ आहेत. मला मात्र एक प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटतो: वारा घरात घेण्याचा हक्क कुणाला होता? नेपियर माल्कम हा इंग्रज मिशनरी एकोणिसावे शतक संपता संपता यझ्दमध्ये राहिला, आणि 1905 साली त्याचे पुस्तक निघाले. यझ्दच्या जरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, लोकांवरची बंधने त्यात तपशिलाने नोंदलेली आहेत. त्यांच्या घराची भिंत एवढी बुटकी हवी, की मुसलमान माणसाने हात वर केला तर माथ्याला लागावा. वर जाता येत नाही म्हणून त्यांनी खाली खणायचे. रस्त्याच्या पातळीखाली जायला मनाई नव्हती. दोन पाखांचे दार नाही, तीन किंवा अधिक खिडक्यांची खोली नाही. आणि बादगीर नाही. 1900 साली एका धनाढ्य जरथुष्ट्री व्यापाऱ्याला तो बांधता आला, पण त्यासाठी त्याला सुभेदाराला आणि धर्माधिकाऱ्याला मोठे नजराणे द्यावे लागले. हे वाचल्यापासून यझ्दच्या छपरांकडे मी निव्वळ कौतुकाने पाहू शकत नाही. त्या रेषेत जिथे मनोरे नाहीत तिथे काही वेळा गरिबी आहे, आणि काही वेळा मनाई.

इथून या शहराचा धागा मुंबईला येऊन मिळतो. यझ्द आणि किरमाणच्या जरथुष्ट्री लोकांचे हाल कळल्यावर मुंबईच्या पारशांनी एक संस्था काढली आणि तिचे प्रतिनिधी म्हणून माणेकजी लिमजी हातारिया 1854 मध्ये इराणला पोचले. सुरतेजवळ 1813 साली जन्मलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य तिथेच घालवले. शाळा काढल्या, दख्मे म्हणजे मृतदेह ठेवण्याचे मनोरे बांधवले, अग्निमंदिरे दुरुस्त केली आणि तेहरानच्या दरबारी चिकाटीने अर्ज चालवले. जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया नासिरुद्दीन शाहने 1882 मध्ये उठवला. यझ्दच्या खेड्यांतून पुढे मुंबई-पुण्याला जी माणसे आली त्यांतल्या अनेकांनी हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या. ज्यांच्याकडे आपण ब्रून-मस्का खाल्ला त्यांच्यापैकी कितीतरी घरांचे मूळ या मातीच्या गल्ल्यांत आहे.

यझ्दचा आतश बहराम, म्हणजे तिथले मुख्य अग्निमंदिर, याच नात्यातून उभा राहिला. इमारत 1934 ची, पैसा मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या पारशांचा, आणि घडणही भारतातल्या अग्यारींच्या वळणाची. समोर गोल हौद, दर्शनी खांबांवर पंख पसरलेले फरवहर हे जरथुष्ट्री चिन्ह. म्हणजे इराणमधून गुजरातच्या किनाऱ्याला गेलेल्या समाजाची वास्तुरीत काही शतकांनी उलट प्रवास करून मायदेशी आली. आतला अग्नी परंपरेनुसार इसवी सन 470 पासून तेवत आहे; तो गावोगाव जपत इथवर आणला. पाहुण्याला तो काचेआडून दिसतो. शहराच्या दक्षिण कडेला दोन टेकड्यांवर दोन दख्मे आहेत. विसाव्या शतकात त्यांचा वापर थांबला आणि आता पायथ्याशी दफनभूमी आहे. तिथे हल्ली पर्यटकांची वर्दळ असते. ज्यांचे आजे-पणजे त्या टेकडीवर गेले ती कुटुंबे अजून शहरात आहेत, एवढे भान तिथे जाणाऱ्याने ठेवावे.

2017 मध्ये युनेस्कोने यझ्दचे सुमारे 195 हेक्टरचे जुने शहर जागतिक वारसा म्हणून नोंदवले. मातीची इतकी मोठी वस्ती अजून राहती आहे, हे त्यामागचे एक मुख्य कारण. पण ती पूर्वीसारखी राहती आहे असे म्हणता येत नाही. रझाशाहच्या काळात जुन्या गावठाणातून सरळ रुंद रस्ते काढले तेव्हा मोहल्ले चिरले गेले. नंतर मोटारीच्या खोल विहिरी आल्या, भूजल खाली गेले आणि कितीतरी कनाती आटल्या. आज शहराला पाणी येते ते मुख्यतः दूरवरच्या झायंदेरूद नदीचे, 300 किलोमीटरहून लांब नळाने. इस्फहानच्या बाजूच्या शेतकऱ्यांची आपलीच शेते कोरडी पडत आहेत, आणि रागाच्या भरात त्यांनी तो नळ अनेकदा फोडला आहे. जुन्या वाटीने निदान सर्व वाटेकऱ्यांना एका भांड्याभोवती बसवले होते.

सुखवस्तू यझ्दी कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. मागे राहिलेल्या घरांत कमी भाड्यामुळे अफगाण निर्वासित राहू लागले. काही वाड्यांची हॉटेले झाली. पुष्कळ घरांना कुलूप आहे. मातीच्या घराला कुलूप फार मारक ठरते. भुसा मिसळलेला मातीचा गिलावा, काहगील, छपरावर आणि भिंतींवर काही वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो. घरात माणूस असला की पहिली भेग त्याच्या डोळ्यांना दिसते. कुलूपबंद घरात ती पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते, मग पाणी विटेत शिरते, आणि उन्हात वाळवलेली वीट पुन्हा चिखल होते. हॉटेल झालेला वाडा टिकतो, पण त्याच्या शेजारचे बंद घर खचले की सामाईक भिंतीवाटे वाड्यालाही धोका पोचतो. तेव्हा जपायचा तर सबंध मोहल्लाच जपावा लागतो, आणि त्यासाठी काहगील मळणारे गवंडी व कनातीत उतरणारे मुकन्नी यांना वर्षभर काम मिळावे लागते. म्हणून या पुस्तकात मशिदींवरच्या प्रकरणापेक्षा या कारागिरांच्या कामावरचे प्रकरण मोठे आहे. माती कोणती घ्यायची, भुसा केव्हा घालायचा, मळून किती भिजत ठेवायची आणि छपरावर उतार कुठल्या बाजूला काढायचा, हे सगळे त्यात सविस्तर दिले आहे.